खुर्ची अष्टमीला आहे

"खुर्ची बघायला कुठे यायचं?"

"अष्टमीला."

"अष्टमीला अजून सहा दिवस आहेत. आज कुठे आहे?"

"आजही अष्टमीलाच आहे."

पलीकडे जरा शांतता, मग फोन बंद. दोन दिवसांत असे चार फोन झाले. पाचव्याने समजुतीच्या सुरात विचारलं, "शुद्ध की वद्य?" डोंबिवलीच्या एका बाईंनी सांगितलं, "अष्टमीला आमच्याकडे घरात चामडं येत नाही, नवमीला जमेल का?" म्हटलं, बाई, नवमी नावाचं गाव आमच्या तालुक्यात नाही.

चूक माझीच. कुंडलिकेच्या एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला अष्टमी, मध्ये पूल आणि नगरपरिषद दोघांची मिळून एकच, रोहा-अष्टमी. पण या जोडनावातलं दुसरं नाव घरजावयासारखं आहे: रेशनकार्डावर असतं, हाक कोणी मारत नाही. कोकण रेल्वेचे ७४१ किलोमीटर जिथून मोजायला घेतात, त्या स्टेशनावर पाटी रोह्याची. म्हणून शहाणा अष्टमीकर मुंबईत ‘रोहा’ सांगतो आणि ‘रोह्यात कुठे?’ असं खोदून विचारणारा भेटलाच तर खालच्या आवाजात ‘अष्टमी’ म्हणतो. मी जाहिरातीत सरळ खरं लिहून बसलो. खरं लिहिण्याचा प्रमाद तेवढाच; बाकीची जाहिरात रीतसर होती.

आता वस्तूबद्दल. कोकणात ओटीवर असते ती लांब हातांची, वेताची आरामखुर्ची डोळ्यांसमोर आणू नका. ही बैठी, रुंद, जाडजूड हातांची आणि अस्सल कातड्याची. रंग मुळात तपकिरी असावा. आज हातांवर तो काळ्या चहाचा आहे, पाठीवर गुळाचा आणि बैठकीच्या मधोमध आमसुलाचा. कडेने पितळी डोक्यांच्या खिळ्यांची रांग, त्यातले सात गळालेले. मागच्या दोन पायांना चाकं, पैकी एक फिरतं. त्यामुळे खुर्ची ढकलली की सरळ न जाता स्वतःभोवती रिंगण घालते.

ती आमच्याकडे आली थोरल्या काकांमुळे. त्यांना सगळं घर अण्णा म्हणायचं. अण्णा बॅलार्ड इस्टेटमधल्या एका जहाज कंपनीत कारकून. १९७४ साली कंपनीने कचेरी आवरती घेतली आणि साहेबाच्या केबिनमधलं सामान नोकरांना किरकोळ भावात दिलं. कोणी पंखा घेतला, कोणी घड्याळ. अण्णांनी दीडशे रुपये मोजून खुर्ची घेतली. बावीस वर्षांच्या नोकरीत साहेबाने त्यांना एकदाही ‘बसा’ म्हटलं नव्हतं. अण्णांनी तो हिशेब असा मिटवला.

रोह्याला रेल्वे यायला तेव्हा अजून बारा वर्षं होती. पेणहून पोह्याची पोती घेऊन मुंबईला गेलेल्या ट्रकमधून खुर्ची पेणपर्यंत आली आणि पुढे एसटीच्या टपावरून अष्टमीत. कंडक्टरने तिचं अर्धं तिकीट फाडलं म्हणतात. अण्णा टपावर त्या खुर्चीतच बसून आले, असंही म्हणतात. हे खरं नसणार. पण आमच्या घरात आजवर कोणी नाकारलेलं नाही.

अण्णांनी ती माजघराच्या खिडकीशी मांडली, खिडकी डाव्या हाताला येईल अशी. पुढची पस्तीस वर्षं गल्लीत कोण आलं, कोण गेलं, कोणाकडे पाहुणे उतरले, कोणाच्या पिशवीतून पापलेटाची शेपटी डोकावते आहे, हे सगळं ते डावीकडे झुकून बघत आले. माणूस झुकला तशी खुर्चीही झुकली. उजवा हात साहेबाच्या वेळचा, करकरीत. डावा हात गुळगुळीत, आणि बैठकीला डाव्या अंगाला असा काही उतार की नवा माणूस बसला की आपोआप खिडकीकडे घरंगळतो आणि दोन मिनिटांत गल्लीच्या भानगडीत रस घेऊ लागतो.

आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे. आषाढ लागला की खुर्चीवर पांढरट-हिरवी बुरशी धरायची. सकाळी उठावं तर खुर्चीला रात्रीतून मिसरूड फुटलेलं. काकू देवपूजेच्या आधी खुर्ची पुसायची. देव पितळेचे होते, ते थांबू शकत होते. आधी कोरडं फडकं, मग खोबरेल तेलाचा हात. कातड्याला खोबरेल लावू नये, ते खवट होतं, असं जाणकार सांगतात. काकूने जाणकारांना विचारलं नव्हतं, कातड्यानेही नाही. २००५ च्या २६ जुलैला कुंडलिकेचं पाणी गल्लीत शिरणार अशी आवई उठली, तेव्हा चौघांनी मिळून आधी खुर्ची माळ्यावर चढवली. मग काकूला हात दिला. काकूनेच तसा क्रम लावला होता.

पाठीला जिथे डोकं टेकतं तिथे तळहाताएवढा गोल काळा डाग आहे. अण्णांच्या माथ्याचं तेल. याची लाज वाटायचं कारण नाही, साहेबाच्या देशातही हेच दुखणं होतं. तिथले पुरुष एकोणिसाव्या शतकात केसांना मॅकासर नावाचं तेल चोपडत आणि खुर्च्या बरबाद करत. म्हणून तिथल्या बायकांनी पाठीवर टाकायला विणकामाचा रुमाल काढला आणि त्याचं नावच ठेवलं अँटीमॅकासर. काकूने क्रोशाचा रुमाल टाकला होता, त्याला नाव काही ठेवलं नाही. नावं अण्णांना ठेवली.

अण्णा गेले, काकू गेली. घराची डागडुजी काढली, माजघराचा हॉल झाला, आणि मुलीने नवा सोफा आणला. एल आकाराचा. एलच्या एका पायात खुर्ची येईना, दुसऱ्यात टीव्ही. टीव्ही विकायचा विषय कोणी काढला नाही.

जाहिरात लिहायला मी आणि बायको एकत्र बसलो. मी लिहिलं, ‘उच्च प्रतीची, अस्सल लेदर, थोडी वापरलेली.’

"थोडी? पन्नास वर्षं!"

"बरं, ‘जपून वापरलेली’."

"भावोजींची मुंज तिच्यावर झाली. चहा किती वेळा सांडलाय, मोजलंय?"

अखेर ‘कुटुंबात वापरलेली’ यावर तह झाला. त्यात सगळंच येतं. किंमत मी पंचवीस हजार टाकली. बायको म्हणाली, शून्य जास्त पडलंय.

पंचवीस हजारांचं खापर पुण्याच्या भाच्यावर. फोटो पाहून तो फोनवर ओरडला, "मामा, हात लावू नका! चंदीगडचं माहिती आहे ना?" मला नव्हतं माहिती. चंदीगड वसवताना पिएर जनरे नावाच्या वास्तुकाराने सरकारी कचेऱ्यांसाठी सागवानी, वेत विणलेल्या खुर्च्या करवून घेतल्या होत्या. पुढे त्या मोडक्या म्हणून गच्च्यांवर रचल्या गेल्या, भंगारात निघाल्या, आणि भंगारातून उचलून नेलेल्या त्याच खुर्च्या युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत लाखांनी गेल्या. २०११ मध्ये गृहमंत्रालयाला त्यांच्या विक्रीवर बंदी घालावी लागली. हे ऐकल्यापासून रोह्यातल्या एकाही सरकारी कचेरीत मी निवांत बसू शकलेलो नाही. खुर्ची उलटी करून बघावीशी वाटते.

भाच्याने पुढे आणखी ज्ञान दिलं. १९५६ साली अमेरिकेत चार्ल्स आणि रे ईम्स या जोडप्याने कातड्याची एक खुर्ची काढली, ती आजही बनते, आजही विकते. नवी खुर्चीसुद्धा बेसबॉलच्या वापरून मऊ झालेल्या ग्लोव्हसारखी दिसावी, असं ईम्सला वाटे. म्हणजे आपल्या भाषेत, चार मोसम स्टंपामागे उभं राहिलेल्या यष्टिरक्षकाचा ग्लोव्ह. हेच जोडपं पुढे सरकारच्या बोलावण्यावरून भारतात हिंडलं आणि १९५८ च्या त्यांच्या अहवालात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक कशाचं केलं असेल, तर लोट्याचं. खुर्ची करणारा लोट्यावर लुब्ध झाला, आणि लोट्याने आंघोळ करून वाढलेला मी खुर्चीला गिऱ्हाईक शोधतोय.

१९५६ म्हटल्यावर मला दुसरंच आठवलं. त्याच वर्षी आमच्या चिंतामणराव देशमुखांनी खुर्ची सोडली. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, पण वाढले रोह्यात. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग देशाचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचं घाटू लागलं, तेव्हा त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. तिकडे अमेरिका खुर्ची घडवत होती आणि इकडे रोह्याचा माणूस ती सोडत होता. ही परंपरा त्यानंतर तालुक्यात कोणी पुढे चालवल्याचं ऐकिवात नाही.

चिंतामणरावांचं नाव आलेल्या पहिल्या खऱ्या गिऱ्हाइकानेही काढलं. निवृत्त मास्तर, पुलापलीकडचे. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारलं, "ही चिंतामणरावांची तर नव्हे?" बायकोने मागून मला कोपर मारलं. एक नुसता होकार, की किंमत दुप्पट. पण ज्या माणसाची सही नोटांवर होती, त्याच्या नावावर खोटा माल खपवायचा म्हणजे जवळजवळ नोटाच छापल्यासारखं. मी नाही म्हटलं. "मग कशाला ठेवलीत?" म्हणून मास्तर चहा पिऊन गेले.

मोबाइलवर येणारं गिऱ्हाईक वेगळ्या जातीचं. ते नमस्कार करत नाही, वस्तू विचारत नाही. पहिला शब्द ‘अव्हेलेबल?’ दुसरा ‘लास्ट किती?’ ‘लास्ट’ सांगितलं की ‘फायनल बोला’. शेवटानंतरही एक अंतिम असतं, हे मला वेदान्ताने शिकवलं नव्हतं. एकाने खुर्चीच्या बदल्यात चालू स्थितीतला मिक्सर देऊ केला. अलिबागकडचा एकजण पांढऱ्या कांद्याच्या पंधरा माळा आणि वर हजार रुपये द्यायला तयार होता. बायको त्याच्या बाजूची झाली, ते प्रकरण मी कसंबसं मिटवलं.

समक्ष येणाऱ्यांचा पहिला संशय, "रेक्झिन आहे ना?" आणि खात्रीसाठी नखाने ओरखडा. मी सांगायचो, रेक्झिन असतं तर एव्हाना पोपडे धरून जमिनीवर आलं असतं. कातडं फाटत नाही, सुरकुततं. रेक्झिन हे नावही मूळचं मँचेस्टरजवळच्या एका कंपनीच्या मालाचं. म्हणजे खऱ्यातही साहेब आणि खोट्यातही साहेबच. हे ऐकून गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि दुसऱ्या बाजूला ओरखडा काढायचं.

दुसरा संशय आवाज खाली आणून. इकडेतिकडे बघत, "कशाचं आहे?" मी ठाम सांगायचो, "रेड्याचं." मला माहीत असायचं काही कारण नाही; पण ज्ञानेश्वरांनी रेड्याला जे स्थान दिलंय ते या ठिकाणी फार उपयोगी पडतं. एक आजी म्हणाल्या, "मृगाजिन असतं तर घेतलं असतं." हरणाच्या कातड्यावर बसून जप चालतो, वाघाच्या चालतो, मग बिचाऱ्या रेड्याने काय घोडं मारलं होतं? घोडा मारला असेलच तर साहेबाने. खुर्चीच्या पोटात घोड्याचे केस निघाले.

ते कळलं भंगारवाल्यामुळे. त्याने विचारायच्या आत खुर्ची पालथी घातली आणि खालचं किनतान टरकावलं. आतून काथ्या आणि राठ काळे केस बाहेर आले, आणि मागोमाग आमच्या घराण्याची पन्नास वर्षं: सुपारीची खांडं, दोन बॉलपेनांची टोपणं, अर्धी जपमाळ, एक अडकित्ता ज्याच्यासाठी काकूने दोन कामवाल्यांवर आळ घेतला होता, कुठल्याही कुलपाची नसलेली चावी आणि अकरा पावल्या. २५ पैशांचं नाणं ३० जून २०११ नंतर चलनातून गेलं. अण्णांचे पावणेतीन रुपये खुर्चीतच बुडाले. भंगारवाल्याने नऊ स्प्रिंगा मोजल्या, मनातल्या मनात किलो केले, लाकडाला सरपणाचा भाव लावला. "कातडं?" मी विचारलं. "ते तुम्हीच ठेवा," म्हणाला. शंभराच्या चार नोटा त्याने पुढे केल्या. मी त्याला किनतान परत ठोकून द्यायला लावलं, त्याचे पन्नास रुपये मलाच पडले.

नागोठण्याचे एक गृहस्थ मात्र मनापासून आले होते. "बसून बघतो," म्हणाले. वेळ दुपारी दीडची, नुकतेच जेवून आलेले. बसले, डावीकडे घरंगळले, गल्लीत दोन मिनिटं लक्ष घातलं आणि झोपले. साडेतीनला उठले, तोंड धुतलं, चहा घेतला. मग गंभीरपणे म्हणाले, "वस्तू उत्तम आहे, पण मला ऑफिससाठी हवी होती."

विकत घेणारा मिळेना. मागणारे मात्र रांगेने. कोकणात चांगली वस्तू विकत घेत नाहीत, उत्सवापुरती नेतात. आमची खुर्ची आजवर गावातल्या हौशी मंडळींच्या डझनभर नाटकांत उभी राहिली आहे. कधी खडूस श्रीमंत बाप, कधी न्यायाधीश, आणि एका ऐतिहासिक नाटकात वर भगवा शेला टाकून थेट सिंहासन. नट बदलले, खुर्ची तीच. जाहिरात कळल्यावर मंडळाचे कार्यकर्ते धावत आले. मला वाटलं, वर्गणी काढून घेतात. ते म्हणाले, "काका, विकू नका हो. आम्हाला लागते."

"मग घ्या ना विकत."

"ठेवायची कुठे? तुमच्याकडे बरी आहे."

खुर्ची अखेर घेतली हमरापूरच्या एका पोराने. पेणजवळचं हमरापूर म्हणजे घरोघर गणपतीचे कारखाने. हा एका कारखान्यात डोळ्यांची आखणी करतो. वर्षाचे बरेच महिने मान खाली, कंबर वाकवून, श्वास धरून एका केसाच्या ब्रशाने बुबुळं काढायची. तीस-बत्तीसचा असेल, पण पाठ साठीची. त्याने ओरखडा काढला नाही, ‘लास्ट’ विचारलं नाही. मांडी घालून खुर्चीसमोर जमिनीवर बसला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. मग बैठकीतल्या खळग्यावरून अंगठा फिरवला, आपण ओल्या मूर्तीवरून फिरवतो तसा.

"हा उतार कोणी मुद्दाम काढू म्हटलं तर येणार नाही," म्हणाला. "कोण बसायचे?"

मी अण्णांचं सगळं सांगितलं. टपावरचा प्रवाससुद्धा, खरा म्हणून.

"साडेचार हजार आहेत."

मी सात म्हणायला तोंड उघडलं होतं, म्हणजे त्याने पाच म्हणावं आणि साडेपाचला तुटावं. पण तो घासाघीस करेना. साडेचार म्हणजे साडेचार, खिशात तेवढेच होते, ते त्याने खुर्चीच्या हातावर ठेवले. डाव्या. इतक्या सरळ माणसाशी व्यवहार करायची सवय नसल्याने मी ‘बरं’ म्हणून गेलो. बायको नंतर म्हणाली, एवढं तर तू गेल्या महिनाभरात गिऱ्हाइकांना चहा पाजलास.

दुसऱ्या दिवशी तो कारखान्याचा टेम्पो घेऊन आला. टेम्पोत पेंढा अंथरलेला, कारण त्या टेम्पोतून दुसरं काही जातच नाही. मुंबई-गोवा रस्त्याचं रुंदीकरण २०११ पासून चालू आहे, त्यामुळे मूर्तीला जेवढा पेंढा लागतो तेवढाच खुर्चीलाही लागतो. चौघांनी खुर्ची उचलली, पेंढ्यात बसवली, चारी बाजूंनी दोऱ्या आवळल्या, वर फडकं टाकलं. टेम्पो सुरू झाला आणि गल्लीतल्या पोरांनी सवयीने आरोळी ठोकली, "गणपती बाप्पा मोरया!" शेजारच्या काकूंनी खिडकीतून हात जोडले. काय चाललंय हे लक्षात आल्यावर जोडलेले हात त्यांनी पदर सारखा करायला वापरले. नाटकवाल्यांपैकी एकजण कोपऱ्यावर उभा होता. तो म्हणाला, "पुढच्या वर्षी लवकर या." त्याचं मात्र चुकून नव्हतं.

आठवड्याने फोन आला.

"काका, खुर्चीचा एक प्रॉब्लेम आहे."

मी पैसे परत करायच्या तयारीने आवाज कडक केला. "बोला."

"भिंतीला लावून ठेवलीय. पण बसलो की सारखं डावीकडे वळायला होतं. मान अवघडते."

"डाव्या हाताला काय आहे?"

"कपाट."

"खिडकी कुठे आहे?"

"कपाटाच्या मागे."

"मग कपाट हलवा."

"लोखंडी आहे हो. चार माणसं लागतील. आम्ही तीनच आहोत."

मी कॅलेंडर पाहिलं. म्हटलं, "रविवारी येतो."